जरा उजळ करा की!

कराडमध्ये फोटो स्टुडिओ टाकला तेव्हा वाटलं होतं, पैसा साठेल. साठले ते किस्सेच! स्टुलावर बसलेलं माणूस आधी खिशातून मोबाईल काढतं, रीलमधला कुणीतरी दाखवतं आणि म्हणतं, "दादा, आपल्याला असं करा." मी म्हणतो, "अहो, तो तो आहे, तुम्ही तुम्ही आहात." यावर उत्तर ठरलेलं, "म्हणून तर आलोय!"

* * *

आमचे पोपटतात्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले. दाढी काळी करा, पोट आत घ्या, गॉगल चढवा, मागं वाघ उभा करा. सगळं केलं. फ्लेक्स गावच्या स्टँडवर लागला. तात्या आईला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"लय देखणं पोरगं हाय. कुणाचं रं?"

"आगं, तुझंच की!"

"गप रं! माझं असतं तर मी वळखलं नसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी फ्लेक्सवरचा चेहरा बदलून घेतला. वाघ तेवढा ठेवला!

* * *

एका बारावीच्या पोरीनं परीक्षेच्या ओळखपत्राला फिल्टरचा फोटो लावला. डोळे बशीएवढे, हनुवटी टोकदार. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकतंय कोण! परीक्षेच्या दारात सरांनी कार्ड पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, बहिणीच्या जागी पेपर देता येत नाही. हिला पाठव." शेवटी आईला बोलावून ओळख पटवावी लागली. संध्याकाळी पोरगी पुन्हा हजर. "दादा, जशी हाय तशी काढा. न्हाईतर उद्याचा पेपर बुडंल!"

* * *

माण तालुक्यातली काजल इथं मामाकडे राहते आणि एका शाळेत पोरींना कबड्डी शिकवते. दिवसभर उन्हात, त्यामुळे रंग चांगलाच रापलेला. स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी मामी तिला घेऊन आली. "जरा उजळ करा की! समदेच करत्यात." मी केली.

पाहुणे बघायला आले. काजल स्वतः पोह्यांच्या डिश घेऊन बाहेर आली. मुलाची आई म्हणाली, "पोहे झाले, आता पोरगीला बोलवा की!"

"मीच ती," काजल म्हणाली.

पाहुणे पोहे खाऊन गेले, ते गेलेच.

हे मला सांगताना ती हसत होती, पण डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "दादा, लगीन मला करायचंय. पर येनाऱ्यानं मलाच बघायला यावं. आता माझाच फोटो काढा."

मैदानावर काढला. गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम, तोंडभर हसू. एडिटिंगला हातसुद्धा लावला नाही.

* * *

तो फोटो आष्ट्याच्या एका स्थळाला गेला. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव असतंच. आठवड्याच्या आत मुलाची आई मुलाला घेऊन थेट माझ्याकडे! मुलाचं बियाण्यांचं दुकान आहे. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"भाऊ, खरं सांगा," आई म्हणाली. "समदे फोटो उजळ करून धाडत्यात. हितं फोटोतच एवढी सावळी, म्हंजी खरी किती असंल?"

"मावशी, काहीच केलेलं नाही. अशीच आहे."

"आवं, असं कुठं असतंय व्हय!"

मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो काढून दाखवला. मावशींनी कॅमेरा पुढून बघितला, मागून बघितला. मुलाची नजर मात्र फोटोवरून हलेना.

"ही हसती बी अशीच?" त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अशीच."

तो उठला, स्टुलावर जाऊन बसला आणि टोपी काढून आईच्या हातात दिली. डोकं चकचकीत!

"तिच्याकडं माझा केस लावलेला फोटो गेलाय. नवा काढा, आजच धाडायचाय. आन् दादा, डोक्यावर काय पेरू नका!"