महाराजाची माय

रुखमाबाईच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. दिघोरीकडच्या त्या लहानशा गावात एवढ्या चपला कुणी लग्नाच्या मांडवापुढंही पाहिल्या नव्हत्या. लाखनीहून, थेट जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांतून माणसं यायची, ओसरीवर बसलेल्या वीरेंद्रच्या पाया पडायची आणि जाता जाता रुखमाबाईच्याही पडायची. का नाही पडणार? महाराजाची माय होती ती. जन्मभर बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, चिखलात वाकून रोपांचा रोवणा केलेली बाई. तिच्यापुढं शिकलीसवरलेली माणसं वाकू लागल्यावर तिचा ऊर भरून आला, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

झालं असं होतं. वीरेंद्र आधी ट्रकवर होता. तिथं गांजा शिकला. पुढं ट्रक सुटला, चिलीम सुटली नाही. उठल्याबरोबर चिलीम, जेवणाआधी चिलीम, जेवणानंतर चिलीम. घरचे म्हणायचे, दारू तर पीत नाही ना, मग ओढू द्या, शंकराचा प्रसाद आहे. दारू पिऊन बायकोला बडवणारे नवरे ज्यांनी गल्लोगल्ली पाहिलेत, त्या बायांना हा एका कोपऱ्यात गप्प बसणारा गंजेडी म्हणजे अगदी गरीब गायच वाटायचा. मग हळूहळू त्याची झोप गेली. एकटाच हसायचा, भिंतीला कान लावून बसायचा. बायको, शालू, सासूला म्हणाली, "मा, यायच्या डोक्यात काहीतरी बिघडून राहिलं. दवाखान्यात नेऊ." सासूनं उलट तिलाच झापलं.

त्या पावसाळ्यात वीरेंद्रनं एकच धोशा लावला. तलाव माझ्याशी बोलतो, तलावाची पाळ फुटणार. आणि पाळ खरोखर खचली. तो आधीपासून ओरडत होता म्हणून माणसं वेळेवर धावली, मातीची पोती टाकली, खालचं सगळं धान वाचलं. आता जुनी मातीची पाळ, घुशींनी पोखरलेली, ती दर दोन-चार वर्षांनी खचतेच. पण हे आठवायला सवड कुणाला? भैय्यालाल दुकानदारानं तिथल्या तिथं वीरेंद्रपुढं नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून वीरेंद्र महाराज झाला.

महाराजाला चढवायचं काय? नारळ, अगरबत्ती आणि गांजाची पुडी. इथंच घोडं पेंड खात होतं. ज्यानं डोकं फिरवलं, तेच आता प्रसाद म्हणून रोज ओसरीवर येऊ लागलं. तो जितका ओढायचा तितका बरळायचा, आणि जितका बरळायचा तितकी गर्दी वाढायची. चिलमीवर निखारा ठेवून द्यायची ती रुखमाबाईच. तो डोळे ताठ करून बोलू लागला की तिच्या अंगावर काटा यायचा. हे आपल्या पोटातून आलं? आपल्या, अंगठा उठवणाऱ्या बाईच्या? ती थक्क होऊन बघत राहायची आणि चुलीवरची भाजी करपायची.

एका सोमवारी दुपारी ओसरी गच्च भरली होती. वीरेंद्रची पहिलीत शिकणारी पोर, गुड्डी, बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला.

"हे गुड्डी नाही," तो म्हणाला. "गुड्डीचं रूप घेऊन दुसरंच कोनी आलं. तलाव हिले मांगून राहिला. हिले त्याले वापस द्या लागते."

भैय्यालाल हात जोडून म्हणाला, "महाराजाच्या बोलन्याचा अर्थ लय खोल असते." दोन-चार माना डोलल्या. हो, डोलल्या, माणसाची जात अशी आहे. शालूनं पोरीला ओढून पोटाशी धरलं. रुखमाबाईनं लेकाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथं तिला देव दिसला नाही. तिथं भीती होती. विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं तशी. तो आपल्याच पोरीला घाबरला होता. आणि ही भीती आजची नव्हती, इतके महिने ती तिथंच होती. आपणच तिच्या पाया पडत होतो, हे त्या बाईला एका क्षणात कळलं.

आता दुसरी कुणी असती तर ऊर बडवत बसली असती. रुखमाबाईनं शालूला डोळ्यानंच खुणावलं, पोरीला घेऊन माहेरी नीघ. मग ती लेकापुढं बसली.

"महाराज, माह्या छातीत कळ येऊन राहिली. देव हा ना तुमी? मंग मायले भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन चाला."

"तलाव बोलवून राहिला मले," तो म्हणाला.

"तलाव कुठी जात नाही. माय जाईन."

तो उठला. डोक्यातल्या इतक्या अंधारातही माय त्याला ऐकू आली, याचं नवल करावं तेवढं थोडं. भैय्यालालच्याच गाडीतून निघाले. लोकांनी गाडीवर फुलं टाकली. भंडारा येईपर्यंत रुखमाबाईनं लेकाचा हात सोडला नाही.

तिथं मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई होत्या; विचारत विचारत ती लेकाला घेऊन थेट त्यांच्यापुढं जाऊन बसली. त्यांनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

"मले काही नाही झालं," रुखमाबाई म्हणाली. "माहा पोरगा देव झाला हाये. त्याले मानूस करून द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गांजानं सगळ्यांचंच असं होत नाही. पण जो रोज, वर्षानुवर्षं, भरमसाट ओढतो, त्याला असे आवाज ऐकू येऊ शकतात, आपली माणसं परकी वाटू शकतात. घराण्यात आधी कुणाला असं झालेलं असेल तर धोका आणखी वाढतो. "तुमच्याकडं कोणी होतं का असं?"

"माहा भाऊ. गोमाजी," रुखमाबाई म्हणाली. "चिलीम वढे. एक दिवस उठून चालला गेला, मंग दिसलाच नाही. आमी तर त्याले साधू झाला म्हनत होतो." आणि ती त्या भावासाठी, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा रडली.

वीरेंद्रला तिथंच भरती केलं. गोळ्या सुरू झाल्या, तलाव हळूहळू गप्प झाला. घरी आला तो गोळ्यांनी जडावलेला, अंगानं सुटलेला, हात थरथरणारा माणूस. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुन्हा चिलीम लागली की पुन्हा हेच. त्यामुळं पुडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला रुखमाबाईनं दारातूनच वाटेला लावलं. गाव तिच्यावर उलटलं. हिनं देवाले गोळ्या चारल्या, म्हणाले. पुढच्या हंगामात रोवण्याला तिला कुणी बोलावलं नाही. ज्यांनी पाय धरले होते तेच रस्त्यात तोंड फिरवू लागले. एवढा मान एका दिवसात लाथाडायला काळीज लागतं, आणि ते काय असतं ते त्या गावानं डोळ्यांदेखत पाहूनही ओळखलं नाही.

शालू पोरीला घेऊन परत आली. पण गुड्डी बापाच्या वाऱ्याला उभी राहीना. आपण काय बोललो होतो ते वीरेंद्रला सगळं आठवत होतं. सगळं विसरला असता तर बरं, पण नाही. म्हणून तो तिला हाक मारायचा नाही. ती अंगणात आली की हाच उठून आत जायचा. रुखमाबाईला वाटायचं, डोकं परत आणलं खरं, बाप मात्र तिकडंच राहिला.

एकदा धान कापणीच्या दिवसांत गुड्डी लंगडत घरी आली. पायात काटा मोडला होता. शालू बांधीत, आजी आत सूप घेऊन बसलेली. ओसरीवर एकटा वीरेंद्र. तो आत जायला उठला, पण पोरीचा पाय पाहून तिथंच थबकला आणि परत बसला. गुड्डी अंगणात उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग एका पायावर उड्या मारत आली आणि तिनं पाय बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

आतून रुखमाबाई पाहत होती. तिचे हात सुपावरच थांबले.

वीरेंद्रची बोटं थरथरत होती. काटा सापडेना. त्यानं एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा टोकरायला लागला.

"दुखते का, गुड्डी?" त्यानं विचारलं.

"हव," ती म्हणाली, आणि तिनं पाय काढून घेतला नाही.