नंदाने जुळवलेली तीन घरं

काळेकाकूंचा फोन भर दुपारी आला. त्या एरवी सकाळी, पूजा आटोपली की करतात, म्हणून नाव बघून मी लगेच उचलला. "विद्या, आधी जरा बस," त्या म्हणाल्या. "नंदा गेली गं. रात्री जेवून आडवी झाली ती उठलीच नाही." काकू बोरिवलीला राहतात, मी मुलुंडला आणि नंदा वर्सोव्याला, तिच्या आईच्या घरी. काकूंचं आणि माझं काही नातं नाही. मी आज ज्या घरात राहते ते आधी काकूंचं होतं, एवढीच आमची ओळख, आणि ती नंदाने करून दिली होती. फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेले. मधूला, माझ्या नवऱ्याला, सांगायला शब्द जुळवत होते, पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "नंदा?" गेले काही दिवस तिला दम लागत होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्या नाही.

नंदा तांडेल आणि मी अंधेरीच्या शाळेत एका बाकावर होतो. तिची आई बाजारात मासळी विकायची. नंदाने ते केलं नाही. ती घरांची दलाली करायला लागली तेव्हा या धंद्यात बाया जवळजवळ नव्हत्याच. लग्न केलं नाही. आवाज मोठा, बोलणं तोडून टाकणारं, आणि खोटं बोलायचा अतोनात कंटाळा. "खोटं लक्षात ठेवावं लागतं यार, कोण डोक्याला ताप करून घेणार," म्हणायची. दलालाला हे परवडतं कसं, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. एकदा तिचा हा खरेपणा माझ्याच जिवावर बेतला, त्याची ही आठवण आहे.

मधूला अर्धांगवायूचा झटका आला तो टाळेबंदी नुकतीच उठली होती तेव्हा. छापखाना बंद पडून त्याची नोकरी आधीच गेली होती. आम्ही अंधेरी पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहायचो, इमारतीला लिफ्ट नाही. पुनर्विकास होणार म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या आणि मंदी आल्यावर बिल्डर गायब झाला होता. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी मधूला खुर्चीत बसवून उतरवायचं. एकदा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. त्याने चांगल्या हाताने कठडा धरला आणि तो हात कोणालाच सोडवेना. खाली मोकळा जिना दिसत होता, वर आम्ही सगळे थिजून उभे. कसंबसं परत घरी आणलं, तेव्हा तो अडखळत म्हणाला, "आता मला खाली नेऊ नका." त्यानंतर तो फक्त खिडकीतून रस्ता बघायचा. डॉक्टर म्हणत होते चालवा, उन्हात न्या, नाहीतर उरलंसुरलं बळही जाईल. तळमजल्याचं घर हवं होतं आणि आमचं घर घ्यायला कुत्रं फिरकत नव्हतं. बाजार साफ बसला होता. जो तो विकायला काढून बसलेला, घेणारा कोणी नाही.

नंदा आली, चार जिने चढून धापा टाकत बसली आणि म्हणाली, "विकायचा नाद सोड. माझी आई काय करायची आठवतंय? दुपार कलली आणि पाटीत बांगडे उरले की भाव पाडत नाही बसायची. भाजीवालीला बांगडे द्यायची, तिच्याकडून मेथी घ्यायची. पैसा दोघींकडेही नसायचा. संध्याकाळी दोन्ही घरांत चूल पेटायची. आज पैसा कोणाकडेच नाहीये विद्या, पण घरं तर आहेत ना?"

"घर म्हणजे बांगडा आहे का गं?" मी म्हटलं.

"नाही. बांगडा सडतो, घर थांबतं. उलट सोपं आहे."

सोपं अजिबात नव्हतं. आमच्या घराच्या बदल्यात तळमजला देणारा कोण भेटणार? सरळ अदलाबदल जुळेना, तेव्हा नंदाने तिघांची साखळी बांधायला घेतली. मुलुंडला काळेकाकूंचं तळमजल्याचं घर होतं. काकांना त्याच घरातून रुग्णवाहिकेत घालून नेलं होतं आणि ते परत आले नव्हते. काकूंना तिथे राहवत नव्हतं, त्यांना बोरिवलीला लेकीजवळ, रश्मीजवळ, जायचं होतं. बोरिवलीत रश्मीच्या शेजारच्याच इमारतीत नितीन आणि तेजस्विनी पवार हे तरुण जोडपं राहत होतं. दोघांच्या नोकऱ्या अंधेरीत, पगार कापलेले, आणि जाण्यायेण्यात जीव जात होता. चौथा मजला त्यांना चालणार होता. "आमचे पाय शाबूत आहेत, आणि बिल्डर आज ना उद्या परत येईलच," नितीन म्हणाला. म्हणजे आम्ही काकूंच्या घरात, काकू पवारांच्या, पवार आमच्या. किमतींतला फरक थोडा होता, तो हप्त्याने भागवायचं ठरलं. खरी मेख पवारांच्या कर्जात होती. त्यांचं घर बँकेकडे तारण होतं. त्या जागी आमचं घर तारण घ्यायला बँकेने खूप खेटे घालायला लावून परवानगी दिली, पण मुदत घालून. मुदत टळली की सगळं पहिल्यापासून. नंदा बजावायची, "तिघांतला एक जरी हलला ना, तरी तिघांची वाट लागली."

आणि एक हललाच. मुदत संपत आली होती. वकिलाने अदलाबदलीचे दस्त तयार ठेवले होते, मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली होती. नंदा आली ती पाणीसुद्धा न मागता बसून राहिली. रश्मीने तिला बोलावून घेतलं होतं. "आई शेजारी आली की रोज येऊन बसेल, माझ्या घरात माझं काही उरणार नाही. तिला तोंडावर सांगायची माझी छाती नाही. तुम्हीच काहीतरी कारण काढून हे मोडा," असं ती म्हणाली होती.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, कारण काढणार नाही. आईला सांगायचं तर तू सांग, नाहीतर मी सांगते. ती रडायला लागली. सांगणार नाही ती." नंदाने पदराने मान पुसली. "उद्या सकाळी मी काकूंना सांगतेय."

मग मी बोलत सुटले. आधी दस्त होऊ दे, मग त्या मायलेकी काय ते बघून घेतील. कोणाच्या घरात कुरबुरी नसतात? आपण खोटं कुठे बोलतोय, फक्त गप्प राहायचं आहे, तेही चार दिवस. आतल्या खोलीकडे हात करून म्हटलं, "तो तिथे वाळत चाललाय नंदा. तुला दिसत नाहीये का?"

"दिसतंय," ती म्हणाली. "म्हणून तर आधी तुझ्याकडे आले. पण ती बाई लेकीसाठी घर सोडतेय गं. नवऱ्याचं घर. तिथे जाऊन तिला दार बंद दिसलं तर परत कुठे जाईल ती? तिच्या घरात तर तू असशील."

यावर मी काहीतरी लागट बोलणार होते. तेवढ्यात आतून मधूचा आवाज आला. झटक्यानंतर त्याचा शब्द पटकन कळायचा नाही, म्हणून आम्ही दोघी गप्प झालो. तो पुन्हा म्हणाला, सावकाश, एकेक अक्षर लावत, "सांग... तिला... सांग." नंदा उठून आत गेली, त्याच्या पलंगाशी क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "येते भावोजी." माझ्याकडे न बघता ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, चहाचे कप उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली. मग फोन उचलणं बंद. नितीन दिवसातून दहादा मला विचारायचा, "काकू काय म्हणाल्या?" बँकेची मुदत जवळ येत होती. नंदा दुसरीकडे तळमजले शोधत वणवण फिरत होती, पण साखळीत बसेल असं एकही घर मिळत नव्हतं. मी गुंडाळलेली भांडी पुन्हा सोडली. तिच्याशी धड बोलतही नव्हते. ती मात्र रोज फोन करायची, "काही कळलं नाही," एवढंच सांगायची आणि ठेवायची...

मग एका सकाळी दारावर थाप पडली. काळेकाकू. गुडघे दुखणारी, सत्तरी उलटलेली बाई चार मजले चढून आली होती आणि चौकटीला धरून उभी होती. मागे नंदा, तीही धापा टाकत. काकूंनी पाणी घेतलं आणि सरळ मधूसमोर जाऊन बसल्या. "ह्या जिन्यावरनं तुम्हाला खुर्चीतून उतरवायचे?" त्यांनी विचारलं. मधूने मान हलवली. "आणि तुम्हीच म्हणालात म्हणे, मला खरं सांगा म्हणून." त्याने पुन्हा मान हलवली. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"त्या घरात मला आमच्या ह्यांचं खोकणं ऐकू येतं," त्या शेवटी म्हणाल्या. "लेक बोलावत होती म्हणून मी निघालेच नव्हते. मला तिथनं निघायचं होतं, लेकीचं फक्त निमित्त होतं. आता निमित्ताशिवाय जाईन. शेजारच्या इमारतीत राहायला तिची परवानगी लागत नाही मला. तिने बोलावल्याशिवाय मी तिच्याकडे जाणार नाही, आणि हे मी तिला काल स्वतः सांगून आले." मग नंदाकडे वळून म्हणाल्या, "तू गप्प बसली असतीस आणि मला तिथे गेल्यावर कळलं असतं, तर तुला जन्मभर शिव्या घातल्या असत्या."

नंदा म्हणाली, "घाला ना. मला सवय आहे." काकू हसल्या, आणि तेव्हा कुठे मी खाली बसले.

मुदतीच्या आत दस्त झाले आणि तिन्ही घरांचं सामान एकाच दिवशी हललं. मायलेकींचं सगळं गोड झालं असं नाही. रश्मी पहिलं वर्षभर सणावारालाच यायची. काकूंनी तिथे स्वतःच्या मैत्रिणी जोडल्या, सकाळी बागेत जायला लागल्या. पुढे रश्मीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनेच बोलावलं आणि काकू गेल्या. मधू मुलुंडला आल्यावर आधी अंगणापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग वॉकर धरून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जायला लागला.

काकूंचा फोन आला त्या दुपारी आम्ही वर्सोव्याला पोचलो तेव्हा कोळीवाड्याच्या तोंडाशीच गाडी थांबली, आत जाईना. मी म्हटलं, "तू इथे बस, मी जाऊन येते." मधूने दार उघडलं आणि वॉकर बाहेर टेकवला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून, ओल्या फरशीवरून तो एकेक पाऊल टाकत गेला. लोक बाजूला होत होते. नंदाचं घर वरच्या मजल्यावर, उभ्या लोखंडी जिन्याचं. तो जिन्यापाशी थांबला आणि वर बघत राहिला. कोणीतरी नंदाच्या आईला सांगितलं असावं. नव्वदीची म्हातारी दोन बायकांच्या आधाराने खाली उतरून आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चालत आलास? बरं झालं. तिला सांगते." मधू तिथेच रडला. इतक्या आजारपणात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

नंदाची एक खोड सांगायची राहिली. कोणतंही रिकामं घर गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी ती एकटी जायची आणि हॉलच्या मधोमध सरळ फरशीवर आडवी व्हायची, डोळे मिटून. मुलुंडचं घर रिकामं झालं तेव्हा माझ्यादेखत झोपली होती. "उभ्याने भिंती दिसतात. पडल्यावर कळतं घरात काय काय ऐकू येतं ते. आजारी माणसाला तेच ऐकत दिवस काढायचाय ना?" मग डोळे न उघडताच तिने सांगितलं होतं, वर कोणीतरी मसाला वाटतंय, पंपाची घरघर मागच्या बाजूला आहे, भावोजींचा पलंग पुढे लाव.

परवा दुपारी मी हॉलमधली तिपाई सरकवली आणि फरशीवर आडवी झाले. फरशी गार होती. वरच्यांचा मिक्सर चालू होता. मागे पंप सुरू झाला, बंद झाला. मग वॉकरचा टक-टक आवाज आला, पलंगापासून दारापर्यंत, दारातून अंगणात, आणि फाटकाची कडी वाजली. मधू बाहेर निघाला होता. मी डोळे मिटून ऐकत पडून राहिले.