नॉर्मल म्हणायला बंदी

रोज एकाच गाडीतून जालना ते वाटूर करणाऱ्या मास्तरांकडे किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. सकाळी घासले तरी संध्याकाळी मोरी भरलेलीच! गाडीत आम्ही तिघं: इंग्रजीचे साळवे सर, गणिताचे घुगे सर आणि इतिहासाची मी. यंदाचे बहुतेक किस्से एकाच शब्दाचे. नॉर्मल.

साळवे सरांना शब्दांची कुळं काढायची खोड. एकदा म्हणाले, याचं मूळ लॅटिन. नॉर्मा म्हणजे सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या. काटकोनात बसलं ते नॉर्मल; 'चारचौघांसारखं' हा अर्थ फार मागाहून चिकटला. घुगे सर खूश. गणितात काटकोनातल्या रेषेला अजून नॉर्मलच म्हणतात, म्हणजे खरं घराणं आमचंच, हे त्यांनी वाटूर येईपर्यंत ऐकवलं.

घुगे सर मुळात घाबरट. शाळेतल्या शिबिरात डॉक्टरांनी त्यांचं बीपी नॉर्मल सांगितलं, तर यांची झोप उडाली. "मंग मी इतकी वर्षं गोळ्या कशाच्या खाऊन राह्यलो?" दुसरा डॉक्टर झाला, तिसरा झाला. तिसऱ्याकडे बीपी खरंच वाढलेलं निघालं, तेव्हा कुठं गडी शांत झाला.

एकदा शाळेत एक आई आली. पोरगं फार बोलत नाही, नॉर्मल आहे ना, असं विचारताना ती पदर चुरगाळत होती. साळवे सर म्हणाले, "बाई, अख्ख्या वर्गात एकच गप्प बसतो. त्याला कशाला बिघडवता?" ती हसली आणि मग रडली.

मग साळवे सरांची लेक प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पायांना सूज, बीपी वर. बाळंतपण नॉर्मल होईलच असं सांगता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून गाडीत तो शब्द बंद! घुगे सर वर्गातही 'लंब' म्हणायला लागले. टपरीवाल्यानं चहा नॉर्मल का बिनसाखरेचा विचारलं, तर आम्ही न पिताच उठलो.

प्रज्ञाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी आम्ही दोघंही सरांसोबत होतो. सकाळपासून कळा होत्या. दुपारी बाळाचे ठोके मंदावले, सिझर करावं लागेल म्हणाले. सरांनी सह्या केल्या.

रडण्याचा आवाज आला, पण अगदी बारीक. नर्सनं दार अर्धं उघडलं. मुलगी झाली, प्रज्ञा बरी आहे, म्हणाली. जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास, रंग, हालचाल बघून मार्क देतात, ते दहापैकी सहा आलेत. पाच मिनिटांनी डॉक्टर परत तपासतील. आणि दार लागलं.

साळवे सर त्या बंद दारालाच म्हणाले, "चार कुठं कापले?"

घुगे सर घड्याळाकडे बघत राहिले, मी साळवे सरांकडे बघायचं टाळलं. दार पुन्हा उघडलं.

"नऊ," नर्स म्हणाली.

सर मटकन बाकावर बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. घुगे सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"इतकी वर्षं पेपर तपासून राह्यलो, सर. फेरतपासणीत तीन वाढलेले पहिल्यांदाच बघितले."