गुळव्याच्या बोटाची शुगर

माझा बाप गुळव्या. गुऱ्हाळावर रस उकळताना पाक कधी झाला, हे तो ठरवतो. हात गार पाण्यात बुडवायचा, दोन बोटं उकळत्या पाकात घालायची, परत पाण्यात, आणि गोळी वळते का बघायची. या कामानं बोटांची कातडी इतकी जाड झालीय, की शुगर तपासताना सुई एका टोचणीत आत जात नाही. मधुमेह निघाल्यापासून दर महिन्याला तपासतो, प्रत्येक वेळी तीन-तीनदा टोचून घेतो. सहा वर्षांत एकही खाडा नाही.

गेल्या हंगामात मालकांनी गुऱ्हाळाच्या आवारातच मोफत तपासणी शिबिर ठेवलं. त्याची पत्रकं मीच वाटली होती. सांगलीत संघटनेचं काम करते, पत्रक लिहिणं आणि वाटणं हाच माझा धंदा. बाप काहिलीवरून, रस उकळायच्या मोठ्या कढईवरून, उठला, पंच्याला हात पुसला आणि खुर्चीत बसला. पोऱ्यासारखं नाही, ऐटीत. शिबिराला आलेल्या डॉक्टरांच्या माणसानं स्पिरिटचा बोळा नुसता लावल्यासारखा केला आणि टोचलं. आकडा आला चारशे बारा.

"मामा, गुळव्या ना तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "चोरून किती खाता?"

समोरचा माइक चालूच होता. सगळं आवार हसलं. मीही हसले. ते लपवून ठेवायचं कारण नाही.

बाप म्हणाला, "आवं सायेब, सा वर्सं गुळाला त्वांड लावलं न्हाई." कुणी ऐकलं नाही. गोळी दुप्पट लिहून मिळाली. घरी आईनं गुळाचा डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. "माइकवर सांगितलं त्ये काय खोटं व्हय?" चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्यापासून पहिल्यांदा काही लपवलं.

चौथ्या दिवशी दुपारी काहिलीवर उभा असताना त्याला दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली, गुडघे गेले. खाली चुलवाण्यात जाळ घालणाऱ्यानं बंडी धरून मागं ओढलं, म्हणून माणूस पाकात पडला नाही. साखरपाणी पाजल्यावर शुद्धीवर आला. मालक लगेच म्हणाले, "आबा, तुमी आता घरी बसा. उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात."

त्याचं एवढंच होतं. काहिलीवरची जागा. ती गेली, आणि तो अंगणात आपली बोटं बघत बसायला लागला.

दुप्पट गोळीनं साखर फार उतरली होती, म्हणून सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी परत एकावर आणली. मी शुगर तपासायचं मशीन विकत आणलं. आठवडाभर रोज तपासलं. चारशेच्या आसपासही कधी गेलं नाही. मग त्याला नीट विचारलं, त्या दिवशी टोचायला बसायच्या आधी कुठं होता?

"काहिलीवरनंच. हात पुसला की पंच्याला."

मी माझं बोट काकवीत बुडवलं, फडक्याला पुसलं, टोचलं. मला मधुमेह नाही. आकडा तीनशे सत्त्याऐंशी. साबणानं हात धुऊन परत घेतला, तर ब्याण्णव.

हे सांगायला मी शिबिरातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, सरळ मनानं. डॉक्टरांनी वर न बघता सांगितलं, "मशीन खोटं बोलत नसतं, ताई. माणसं बोलतात."

ठीक आहे, म्हटलं.

महिन्यानं त्याच आवारात दुसरं शिबिर लागलं. आमच्याकडं गुऱ्हाळावर आलेल्याच्या हातावर गरम गूळ ठेवतात. मी डॉक्टरांच्या हातावर चांगला मोठा ठेवला. त्यांनी खाल्ला, रुमालाला बोटं पुसली. मी माइक घेतला. "आधी डॉक्टरसाहेबांची तपासणी, म्हणजे लोकांची भीती जाईल." फोटोवाला पुढं सरसावला, साहेबांनी हसत बोट पुढं केलं, त्यांच्याच माणसानं टोचलं.

"चारशे छत्तीस," मी माइकवरच वाचलं. "साहेब, चोरून किती खाता?"

आवार असं हसलं की चुलवाण्यावरची माणसं उठून आली. साहेब लालबुंद. "हात धुतले नव्हते," ते पुटपुटले.

"जोरात बोला. माझ्या बापानंही धुतले नव्हते. धुवायला कुणी सांगितलं नव्हतं. तो काहिलीत पडणार होता."

तेवढ्यात मागच्या रांगेतून बाप उठला. नळावर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि खुर्चीत बसला. दुसऱ्या टोचणीला रक्त आलं. एकशे चौतीस. मालक आकडा वाकून बघत होते.

"आबा, उद्यापासून या."

"येतो," बाप म्हणाला. "पण आधी ह्येंनी माइकवर सांगावं, म्या गूळ खाल्ला न्हवता."

साहेबांनी सांगितलं. आवाज बारीक होता, म्हणून मी दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

घरी येताना बाप म्हणाला, "एवढं करायला नगं हुतं, पोरी. मानूस शरमिंदा झाला."

"व्हायलाच हवा होता," मी म्हटलं.

त्यानंतर ते डॉक्टर आमच्या गावात आले नाहीत. माझ्यामुळं फुकटचं शिबिर गेलं, असं काहीजण तोंडावर सांगतात. सांगू देत. रविवारी मी स्वतः मशीन, साबण आणि पाण्याची बादली घेऊन गुऱ्हाळावर बसते. बाप काहिलीवरून ओरडतो, "थांब, पाक आलाय, सोडून येता येत न्हाई." मी थांबते.