आतोबांच्या हातातला नारळ

जगात स्वतः गोंधळलेली माणसं पुष्कळ असतात, दुसऱ्याला गोंधळात टाकणारीही कमी नसतात. पण ही दोन्ही कामं एकाच वाक्यात आणि मनात काडीचं वाईट न ठेवता करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आतेचा नवरा. गाव त्यांना आबा म्हणे, मी आतोबा. सातवीत माझी शाळा सुटली, घरी खायची पंचाईत झाली, तेव्हा त्यांनीच मला कट्टा गावाजवळच्या आपल्या घरी आणलं आणि पुढे ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या मुकादमाला, गाठून इथे कांडल्याच्या बंदरात चिकटवलं. इतक्या लांब बसून त्यांच्याबद्दल लिहायला घेतलंय खरं. ज्यानं उपकार केले त्याची गंमत सांगावी की नाही, हेच मला कळत नाही. पण गंमत वगळली तर आतोबा उरतात किती?

एकदा ते नांदगावला आपल्याच मुलीसाठी स्थळ बघायला गेले आणि शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरवून आले. आतेनं कपाळावर हात मारला, तर म्हणाले, "झील बरो होतो गो, पण आपल्या चेडवाक उंच पडलो असतो. मगे फुकट कित्याक घालवूचो?" घरात ते सदरा उलटा घालत, कारण सुलटी बाजू मामलेदारासाठी राखून ठेवायची. छत्री बारा महिने काखेत, पण पावसात ती त्यांच्या डोक्यावर कोणी पाहिली नाही; वाटेत कोणी भिजताना दिसला की त्याला द्यायची आणि आपण त्याच्यामागून भिजत चालायचं, छत्री परत घ्यायला. दोन भावांचं भांडण मिटवायला गेले, की संध्याकाळपर्यंत ते भाऊ एक होऊन आतोबांशीच भांडत असत. "मिटला मां?" म्हणत हे समाधानानं घरी. ही युक्ती की वेंधळेपणा, यावर आतेचं आणि माझं कधी एकमत झालं नाही.

त्या सुमारास तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं होतं. पुण्याकडून आलेल्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी आसपासच्या समाजसेवकांचा सत्कार करायचं ठरवलं, आणि त्यात आतोबांचं नाव आलं. कारण साकव. ओढ्यावरचा आमचा माडाच्या खोडांचा पूल दर पावसाळ्यात वाहून जाई, आणि तो पुन्हा बांधण्यासाठी घरोघर हाका मारत फिरणं हे आतोबांचं काम. मी तेव्हा रजेवर घरीच होतो. आमंत्रण मीच वाचून दाखवलं.

"सत्कार?" आतोबा घाबरले. "साक्षीदार घेवन जावचे लागतत काय रे?"

त्यांची समजूत घालतोय, तोच डोक्यावर घागर घेऊन भागीरथीकाकी वाटेनं आली. पलीकडच्या वाडीतली. त्या वाडीला गावानं पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठरवलेलं. साकवाच्या तोंडाशीच गावची बाव, म्हणजे विहीर, पण त्यांनी ओढ्यात खड्डा काढून गढूळ पाणी न्यायचं.

"आबानू, सत्कार तुमचो म्हणे?"

"व्हय गो. साकवाचो."

"बरा झाला. खांब आमच्या झिलांनी पुरले, वाशे आमी ओढलंव. साकवार आमचे पाय चलतत आणि बाव मात्र आमका बघून बाटता. माझो नातू ह्या पाण्यान तापलो तो मराक टेकलो होतो. तेचोय एक सत्कार करूक सांगा."

"कायदो झालो मां गो?"

"झालो. पण रहाटापर्यंत पोचूक नाय अजून."

ती गेली. त्या दिवशी आतोबा कोणाचं भांडण मिटवायलासुद्धा बाहेर पडले नाहीत.

सत्काराला सगळा गाव एसटीनं लोटला. पुढच्या रांगेत गावचे मानकरी, ज्यांनी मान हलवल्याशिवाय गावात काही हलत नसे. अगदी मागे, भिंतीला टेकून भागीरथीकाकी आणि तिची माणसं. आधी कोळ्यांच्या मुलींना शिवण शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंचा सत्कार झाला. त्या इतकं नेटकं बोलल्या की मला घाम फुटला. "मी आपला आभारी आहे" एवढंच बोलायचं, असं मी आतोबांकडून वाटभर घोकून घेतलं होतं. साहेबांनी त्यांना शाल पांघरली आणि हातात नारळ दिला.

घोटाळा झाला तो इथे. आमच्याकडे जमलेल्या माणसांसमोर हातात नारळ घेऊन उभं राहिलेल्या माणसानं एकच करायचं असतं, देवाला गाऱ्हाणं घालायचं. आणि ऐकणाऱ्यांनीही एकच करायचं असतं. आतोबांनी नारळ कपाळाला लावला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! आज ह्या कॉलेजाच्या लेकरांनी तुका नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल गर्जला. साहेब दचकले.

"ह्या पोरांका इद्या दी, आणि जी नापास जातली तेंका बोटीवर नोकरी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी साहेबही पुणेरी सुरात "होय महाराजा" म्हणाले.

"ज्या हातांनी साकवाचे वाशे ओढले, तेच हात उद्या बावीचा पाणी ओढतले आणि गावचो कोण आडवो येवचो नाय, असा सगळो गाव तुझ्याम्होरं कबूल करता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं शब्द निघून गेला, अर्थ मागाहून पोचला. सगळ्यांत मोठा आवाज मानकऱ्यांचा होता, त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

परतीच्या एसटीत नुसता गलका. "देवळाभायला गाऱ्हाणा लागू नाय!" "देव काय देवळातच बसान आसता?" शेवटी मानकरी आतोबांकडे वळले, "आबा, ह्या तू मुद्दाम केलंस?"

"माका काय म्हायत? नारळ हातात दिल्यानी, तोंड आपसूक सुटला. पण तू 'व्हय' कित्याक म्हटलंस?"

सकाळी भागीरथीकाकी घागर घेऊन बावीवर आली. मागे तिची सगळी वाडी. अर्धा गाव जमलेला. मानकरी पायरीवर उभे होते. देवासमोर दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती होईना आणि पाळायची सवय नव्हती. शेवटी ते बाजूला सरकले आणि पुटपुटले, "दोर निसटता. सांभाळून ओढ."

"साकव बांधणाऱ्यांका दोर धरूक शिकयतास?" असं म्हणून तिनं घागर खाली सोडली.

रजा संपून निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीतून मी विचारलं, "आतोबा, खरं सांगा, चुकून की मुद्दाम?" त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "माकाच अजून कळूक नाय रे. तुका कळला तर पत्र घाल."

मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तरी पत्र घालायला आता ते नाहीत. गेल्या रजेत बावीवर गेलो होतो. दोन्ही वाड्यांत नव्या सुना आलेल्या. पाळीवरून कळश्या आपटत कडाकडा भांडत होत्या. कोण कुठल्या वाडीची, मला काही ओळखू येईना. मी तसाच गोंधळून उभा राहिलो. त्यातल्या एकीनं दोर ओढता ओढता विचारलं, "कोणाक सोधतास?"

आतोबांचं नाव जिभेवर आलं होतं. पण "पाणी दी गो जरा," एवढंच म्हटलं आणि ओंजळ पुढे केली.