मुलाणी बाईंची माशी

माझ्याच दारातल्या कढीपत्त्याची पानं मुलाणी बाईंनी भिंगातून बघितल्याशिवाय मला फोडणीला घालता येत नसत. तेल तापून धूर निघायला लागायचा आणि बाई डहाळी उन्हाला धरून एकेक पान उलटं करत उभ्या असायच्या.

"बाई, आमटी करायचीय. लग्नाला पोरगी न्हाई बघायची."

"थांबा आक्का. ह्या पानावर अंडं हाय. हे माझं, बाकीची तुमची."

बाई शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या दौंडच्या, लग्न केलेलं नाही, आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. सामान म्हणाल तर एक ट्रंक, एक स्टो आणि एक सूक्ष्मदर्शक. त्याला जरीच्या साडीसारखं कापडात गुंडाळून ठेवायच्या. स्वतःच्या साड्या मात्र खुर्चीवर लोळत.

कढीपत्त्यावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं, हे मला बाईंमुळे कळलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिवळं अंडं. त्याला भोक पाडून एक बारीक गांधीलमाशी आत आपली अंडी घालते. तिची पिल्लं आतलं सगळं खातात आणि माश्या होऊन बाहेर पडतात. फुलपाखराचं आयतं घर लुटायचं. मी म्हटलं, आमच्या भावकीत असले पुष्कळ आहेत, त्यासाठी भिंग कशाला? पण ती माशी बघितली आणि मला हसूच आलं. गांधील म्हणे! मोहरीच्या दाण्यावर बसली तरी दाणा हलायचा नाही.

असली पानं बाई काचेच्या नळीत घालून वर कापसाचा बोळा लावायच्या. माश्या निघाल्या की कागदाच्या टोकावर चिकटवून तासन्‌तास त्यांच्या मिशा बघायच्या. मी घाई करायला लागले की म्हणायच्या, "घाई भाकरीला चालते आक्का, माशीला न्हाई." बाईंच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. घाई त्या भाकरींनाही चालत नव्हती.

एका उन्हाळ्यात बाई धावत चुलीपाशी आल्या. ह्या जातीच्या माशीच्या मांड्या काळ्या असतात म्हणे, आणि आमच्या कढीपत्त्यावरचीच्या पिवळ्या निघाल्या. म्हणजे जगात कुणी न नोंदलेली जात. बाईंनी तिचं सगळं वर्णन लिहिलं, पंखापासून पायाच्या केसापर्यंत चित्रं काढली. बाहेरगावच्या एका जाणत्या माणसानं बघून नवीच दिसते म्हणून कळवलं. वर्णन आणि बाईंनी ठेवलेलं नाव छापायला गेलं. कॉलेजातले लोक बाईंना माघारी माशीवाली म्हणत आणि ते बाईंना माहीत होतं. आता त्यांची तोंडं बंद होणार होती.

आळीतल्या बाया गप्प बसतात होय? नाव ठेवायचं म्हणजे बारसं आलं. शेजारच्या हौसानं गव्हाच्या घुगऱ्या शिजवल्या. पाळणा नव्हता, सुपात नळी ठेवली.

"कानात कुर्र करायला पायजे," हौसा म्हणाली. "पर हिचा कान कुठंय?"

"कान नसतो हिला," बाई हसून हसून लाल झाल्या होत्या.

"मग नाव तरी सांगा. माजंच ठिवा की, हौसा."

"शिरूरचं ठेवलंय. पण छापून आल्याशिवाय बोलायचं नसतं."

"आता बोलला की वो!"

पुढं थंडी पडली. बाईंनी थंडीच्या तोंडाला पिवळ्या मांडीची एक माशी ताज्या अंड्यांबरोबर नळीत कोंडून ठेवली होती. थंडीत तिच्या लेकी बाहेर पडल्या. त्या दिवशी बाई नळी घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आक्का, आई पिवळ्या मांडीची, आन् लेकी काळ्या मांडीच्या."

"मग?"

"मग काय? उन्हाळ्यात पिवळ्या, थंडीत काळ्या. जात जुनीच हाय. माझ्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेली."

मी आडपडदा ठेवणारी नाही. म्हटलं, "त्या लेकी टाका न्हाणीत. कोन बघतंय?"

"मी बघितलं न्हवं?"

"तुमी सांगनार हाय का कुनाला?"

बाई उठल्या. पायात चपला घालून एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेल्या. लाइन खराब होती, म्हणून बोंबलून सांगावं लागलं, "छापू नका! चूक माझी हाय!" अर्ध्या स्टँडला वाटलं, बाईंची लग्नपत्रिका चुकली.

एवढ्यावर भागलं असतं. पण घुगऱ्या खाल्लेल्या प्रत्येक घरी बाई स्वतः गेल्या आणि माशी नवी नाही म्हणून सांगून आल्या. मी म्हटलं, "अवो, विचारलंय का कुनी?" तर म्हणाल्या, "कुणी न्हाई विचारलं म्हणून माशी बदलत न्हाई." हौसानं तेवढं विचारलं, "मग घुगऱ्या वकायच्या का आता?"

पुढं बाई दौंडच्या कॉलेजात गेल्या. तिथंही नळ्याच भरत राहिल्या. नवी जात काही सापडली नाही.

बाई वारल्याचं कळलं तेव्हा मी न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला गेले. कॉलेजात शोकसभा होती. एक गृहस्थ कागदावरून वाचत होते. बाईंनी शिरूर तालुक्यात गांधीलमाशीची एक नवी जात शोधून जगाला दिली, असं त्यांनी वाचलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंच्या बहिणीनं पदर डोळ्याला लावला.

मी चौथी शिकलेली बाई. सभेत कधी बोलले नव्हते. उठून उभी राहिले.

"न्हवती ती नवी," मी म्हटलं. "जुनीच व्हती. त्यांनी सोता दारोदार जाऊन सांगितलंय. त्यांच्या नावानं असलं वाचू नका."

कुणीतरी माझा पदर ओढला, बसा म्हणून. गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं, मग बाईंच्या बहिणीकडं. तिनं मान हलवून हो म्हटलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कागदावर रेघ ओढली.

त्यांनी रेघ पुरी ओढेपर्यंत मी उभीच होते. मग बसले.