आक्का हसवायची तेव्हा

घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, की आमच्या आक्काला विनोद सुचायचा. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी पेठ गावची. लग्न होऊन वारूळवाडीला आले ती मुळातच भित्री. दुधावरचं झाकण पडलं तरी दचकायची. अशा मला स्वयंपाकघरात आक्काच्या हाताखाली दिलं होतं.

पहिल्याच वर्षी नणंदेला बघायला पाहुणे आले. आधीची दोन स्थळं फिरली होती, त्यामुळे सासूबाई सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हत्या. पाहुणे ताटावर बसले आणि आत कुकरचा वॉल्व्ह उडाला. डाळ थेट छताला! हेही स्थळ गेलं आणि खापर माझ्यावर फुटणार, म्हणून मला घाम फुटला. बाहेरून कोणीतरी विचारलं, "काय फुटलं वो?" आक्कानं पदर सारखा केला, दारात गेली आणि म्हणाली, "फुटलं काय न्हाई पावणं, आमच्यात वरण वरनं वाढत्यात!"

मग मुलाचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. स्थळ जमलं. तरी सासूबाईंचा राग काही जाईना. "सून हाये का सोंगाड्या?" म्हणून त्या किती दिवस धुसफुसत होत्या.

आक्काचा नवरा, म्हणजे आमचे दादा, फार मोजकं बोलायचे. त्यांच्यावर तर तिची खास मर्जी. "आमचं ह्ये एसटीडीवरनं बोलल्यावानी बोलत्यात. मीटर पडतोय ना!" दादा मिशीत हसायचे आणि तेवढंही न बोलता शेतात जायचे. मला मात्र कधीकधी तिचा राग यायचा. पोरं तापानं फणफणलेली, आणि हिचं आपलं चालूच. हिला काळजी म्हणून ठाऊकच नाही, असं मला वाटायचं.

हा समज एका संध्याकाळी गेला. त्या वर्षी आमच्याकडे बिबट्यांनी लोकांना सळो की पळो करून सोडलं होतं. दिवेलागणीला माझी पाच वर्षांची पिंकी दिसेना. लाईट गेलेली, पुरुषमाणसं टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलेली, आणि घरामागं डोक्याच्या वर गेलेला ऊस. मला हाक मारायची होती, पण तोंडातून आवाजच निघेना. आक्कानं बॅटरी घेतली, माझ्या हातात थाळी आणि उलथनं दिलं, "बडव" म्हणाली, आणि बांधावरून चालत मोठ्यानं सुरू झाली, "वाघोबा, आमच्याकडं यायचं काम न्हाई! सासूबायनी फडताळाला कुलूप लावलंय. आमालाच खायाला मिळंना, तुमाला कुठलं?"

मी रडत होते, थाळी बडवत होते, आणि मधेच मला हसू फुटलं. त्या हसण्यासरशी घसा मोकळा झाला आणि मी पोरीला हाका मारायला लागले. पिंकी गोठ्यामागं रिकाम्या क्रेटच्या थप्पीआड झोपलेली सापडली.

घरात आल्यावर आक्का माठाकडे गेली. पेला तिच्या हातात राहीना, पाणी सगळं लुगड्यावर सांडलं. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली, "हात धर गं माझा. सासूबायला दिसाया नको."

पुढं काही वर्षांनी आक्काच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन ठरलं आणि तिची बडबड बंद झाली. तिच्या आजारापेक्षा तिच्या गप्प बसण्यानं घर जास्त हादरलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. ती छताकडे बघत म्हणाली, "शोभे, कायतरी बोल की गं."

मला काही सुचेना. तेवढ्यात पहिल्या एसटीनं आलेले दादा दारात येऊन उभे राहिले, आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. "आक्का, दादांच्या पायात बघा. एक चप्पल त्यांची, दुसरी तुमची!"

आक्कानं मान उचलली. दादांनीही खाली बघितलं. एवढा प्रवास झाला तरी त्यांना पत्ता नव्हता. "अवो," आक्का म्हणाली, "निम्मी मला घालूनच आलात की!" आणि ती हसायला लागली. नर्स ओरडली, तरी थांबेना. हसतच तिला आत नेली.

गाठ वाईट निघाली. त्यानंतर आक्का दोन पावसाळे आमच्यात होती, बहुतेक ओसरीवरच्या खाटेवर. दुपारी मी निवडायला धान्य घेऊन तिच्याजवळ बसायचे आणि घरातलं काहीबाही रंगवून सांगायचे. मला तिच्यासारखं जमायचं नाही. ती तरी हसायची. शेवटी शेवटी हसलं की तिला कळ यायची, चेहरा पिळवटायचा. ते बघून मी गप्प झाले, की डोळे न उघडता माझ्या हातावर थापटायची.

"दुखंना का. तू बोल."